हिरकणीची वाट

कोजागिरीच्या रात्री फुलपाड्यातल्या आमच्या गच्चीवर दूध आटवीत बसलो, की मला दर वर्षी हिरकणी आठवते. रायगडावर दूध घालावयास आलेली ती गवळण. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल, म्हणून ती पश्चिमेचा कडा उतरून गेली. ही आख्यायिका आहे, कागदपत्रांचा आधार तिला नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु तिचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. महाराजांनी त्या बाईला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला, आणि ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधविला.

यंदा ही गोष्ट आठवण्यास निमित्त झाले ते आगाशीच्या आमच्या वाडीवरील पंपाचे.

वसईच्या वाड्यांत पूर्वी विहिरीवर रहाट असत. रहाटाला कुलूप लागत नसे, पण तो फिरविण्यास जनावर आणि माणूस दोन्ही जागेवर हवे असत. पुढे विजेचे पंप आले, आणि त्यामागोमाग भारनियमन आले. घाटावर तर शेतीची वीज रात्रीच्या पाळीत. साप-किरडाच्या वाटेने, कंदील घेऊन, बटण दाबण्यापुरते शेतावर जावयाचे! पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची ही पायपीट पाहिली होती. त्यातून त्यांनी घरबसल्या मोबाईलवरून पंप चालू-बंद करण्याचे यंत्र बनविले. त्याचे नाव ‘नॅनो गणेश’. २००९ साली त्याला नोकिया कंपनीचे पारितोषिकही मिळाले. नंतर अशी यंत्रे अनेकांनी काढली. रात्रीचा चिखल तुडविलेल्या माणसाला विचारा, हे केवढे सुख आहे ते.

आमच्या वाडीवरचे यंत्र अशाच कुठल्याशा कंपनीचे. गेल्या उन्हाळ्यात तो पंप रात्री आपोआप सुरू होऊ लागला. एकदा तर पहाटेपर्यंत चालून विहीर कोरडी पडली आणि मोटार जळाली. वायरमनने वायरिंग पाहिले, शेजाऱ्यांनी भुताखेतांची नावे घेतली. शेवटी मोबाईल दुरुस्त करणाऱ्या गल्लीतल्या एका पोराने स्वतःच्या फोनवरून एक संदेश धाडला आणि आमच्या डोळ्यांदेखत पंप सुरू करून दाखविला. यंत्राचा गुप्त आकडा कारखान्यातून आला तसाच होता : १२३४. यंत्र कोणाचा फोन आहे हे पाहतच नव्हते. आकडा बरोबर की झाले. दुसऱ्या कोणाचा पंप चालू करणारा संदेश चुकून आमच्याकडे येत असावा. माझे धाकटे बंधू त्या पोरावरच धावून गेले. ‘‘दादा, ह्यानेच केले असणार सगळे!’’ मी म्हटले, ‘‘अरे थांब, ही हिरकणी आहे.’’

कारखान्यातला आकडा न बदलणे हा काही आम्हा वाडीवाल्यांचाच आळस नव्हे. २०१६ साली अमेरिकेतील तीन तरुणांनी ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्रॅम केला. असे साठेक ठरीव परवलीचे शब्द पाठ करून तो जगभर हिंडला आणि घरोघरचे कॅमेरे त्याने ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या कॅमेऱ्यांच्या फौजेने अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

ट्रॅक्टरचेही तेच. २०२२ साली युक्रेनमधील मेलिटोपोलच्या एका विक्रेत्याकडून रशियन सैनिकांनी जॉन डिअरची यंत्रे पळविली, तेव्हा ती दुरूनच कुलूपबंद करण्यात आली. वाचून सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पण मागाहून मनात आले, की मालकाला जे दुरून करता येते ते मालकाचा आव आणणाऱ्यालाही येणार. त्याच ऑगस्टमध्ये ‘सिक कोड्स’ या टोपणनावाच्या एका ऑस्ट्रेलियन गृहस्थाने लास व्हेगासच्या सभेत जॉन डिअर ट्रॅक्टरच्या पडद्यावर चक्क एक व्हिडिओ गेम खेळून दाखविला. हाही कडा उतरून आलेलाच.

आता माझी गोष्ट. चार वर्षांपूर्वी माझ्या छातीत पेसमेकर बसविला. उशाशी एक लहानशी पेटी असते. मी झोपलो की ती माझ्या हृदयाची हालहवाल इस्पितळाला कळविते. विहीर आटली त्या सकाळी माझे लक्ष पहिल्यांदा त्या पेटीकडे गेले.

मग मी वाचू लागलो. जे रॅडक्लिफ हा अमेरिकन स्वतः मधुमेही. २०११ साली त्याने दाखवून दिले, की आपल्याच कमरेचा इन्शुलिन पंप परका माणूस दुरून चालवू शकतो. अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदयातील यंत्राची बिनतारी सोय डॉक्टरांनी २००७ साली घातपाताच्या भीतीने बंदच करून टाकली होती. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये तेथील औषध प्रशासनाने सुमारे ४,६५,००० पेसमेकरांतील प्रोग्रॅम सुधारून घेण्यास सांगितले. छाती उघडावी लागली नाही. दवाखान्यात जाऊन तीन मिनिटांचे काम. एवढ्या बुरुजांची डागडुजी, आणि रक्ताचा थेंब नाही!

मी डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते हसले नाहीत, याचे मला बरे वाटले. म्हणाले, ‘‘आजोबा, तुमचे यंत्र बंद पाडायला कोणी येणार नाही. पण ती पेटी काढून टाकलीत, तर बिघाड झाल्याचे मला कळणार नाही. भीती बाळगायचीच असेल तर ती इस्पितळाच्या संगणकांची बाळगा.’’

ते खरेच आहे. २३ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणक खंडणीखोरांनी कुलूपबंद केले. पुढे दोनेक आठवडे केसपेपर, तपासण्या, दाखले, सारे हाताने लिहावे लागले. सरकारने संसदेत कारण सांगितले : जाळ्याची नीट विभागणी नव्हती. म्हणजे महादरवाजा फुटल्यावर आत बालेकिल्ल्याचा दुसरा दरवाजाच नाही! १७३९ साली वसईचा तट फोडण्यास चिमाजी आप्पांना सुरुंग लावावे लागले, माणसांची रास पडली. येथे तेवढेही श्रम नाहीत. आमच्या न्हावाशेव्यालाही २७ जून २०१७ रोजी एक टर्मिनल असेच ठप्प झाले. रोग निघाला होता युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅममधून.

पेटी माझ्या उशाशी आहे. त्या पोराला राजेळी केळ्यांचा एक घड दिला; बंधूंनी स्वतः नेऊन दिला, जरा खाली मान घालून. यंत्र आता घरच्या तीनच फोनांचे ऐकते, आणि गुप्त आकडा पुतण्याने बदलला आहे. मी विचारला, तर म्हणाला, ‘‘काका, तुम्ही लेख लिहिता.’’