फ्लाइट मोडच्या आधी होता एफएम रेडिओ

१ ऑक्टोबर २०१७. कोपरगाव तालुक्यातलं काकडी गाव. तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि आपल्या नगर जिल्ह्यातून थेट मुंबईला विमान उडालं. सीटवर बसलं की ठरलेली सूचना येते, "मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा." आली कुठून ही?

मोबाइलपासून नाही, एफएम रेडिओपासून! १९६१ मध्ये अमेरिकेने विमानात खिशातला एफएम रेडिओ वापरायला बंदी घातली. कारण ऐका. एफएम रेडिओ नुसता ऐकत नाही, स्वतःही बारीकशी लहर सोडतो, आणि ती साधारणपणे लावलेल्या स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर असते. म्हणजे ९८.३ लावलं तर १०९. आणि विमानाला दिशा दाखवणारे जमिनीवरचे संकेत येतात १०८ ते ११८ च्या पट्ट्यात! त्या काळात पायलटची सगळी भिस्त त्या संकेतांवर, म्हणून मला तरी ही बंदी रास्तच वाटते.

आपल्याकडे ही बंदी आली ती १९३७ च्या विमान नियमांमधल्या २९-ब मध्ये. सूट कशाला? श्रवणयंत्र, पेसमेकर आणि चक्क दाढीचं इलेक्ट्रिक मशीन!

मग मोबाइल आले. फोनने विमान पडतं, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात. पण १९९१ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने उडत्या विमानातल्या मोबाइलवर बंदी घातली, ती जमिनीवरच्या नेटवर्कच्या काळजीने. खाली फोनला जवळचे दोन-चार टॉवर दिसतात. वर गेलं की राहात्यापासून संगमनेरपर्यंतचे सगळे एकदम, आणि नेटवर्कचा गोंधळ उडतो. पायलटच्या हेडफोनमध्ये तर्र-तर्र आवाज येतो, तो त्रास वेगळाच.

एप्रिल २०१४ मध्ये डीजीसीएने टेक-ऑफ आणि लँडिंगलाही फ्लाइट मोडवरची उपकरणं चालू ठेवायला परवानगी दिली. डिसेंबर २०१८ च्या नियमांनी ३,००० मीटरच्या वर इंटरनेटची वाट मोकळी केली, अर्थात विमानात तशी सोय असेल तर.

आता खरी धास्ती आहे बॅटरीची. २०१६ मध्ये सॅमसंगचे नोट ७ फोन पेट घ्यायला लागले आणि डीजीसीएला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही ती त्याच भीतीने. केबिनमध्ये धूर निघाला तर कर्मचारी धावतील, खाली सामानाच्या कप्प्यात कोण पोचणार?