लिनक्स कर्नलमधील फंक्शन ट्रेसिंग : उगम आणि २००८ मधील एक अनर्थ

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजेच कर्नल, हा संगणकाच्या सर्व व्यवहारांचा कारभारी होय. मात्र या कारभाऱ्याचे स्वतःचे दप्तर तपासणे दीर्घकाळ अवघड होते. सामान्य प्रोग्रॅममधील दोष शोधताना तो प्रोग्रॅम मध्येच थांबवून पाहता येतो. कर्नल थांबविल्यास संपूर्ण यंत्रच थांबते. कर्नलमधील सहस्रावधी फंक्शनांपैकी कोणते केव्हा चालले, याची नोंद यंत्र चालू असतानाच ठेवणे म्हणजे फंक्शन ट्रेसिंग. लिनक्समध्ये ही सोय कशी आली आणि येताना तिने कोणता अनर्थ ओढवला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सन मायक्रोसिस्टीम्सने २००५ मध्ये सोलारिस १० सोबत 'डीट्रेस' हे साधन दिले, तेव्हा लिनक्सकडे त्या तोडीचे काही नव्हते. २००४ पासून 'केप्रोब्स' उपलब्ध होते; परंतु सर्व फंक्शनांचा सलग मागोवा घेणे हा त्याचा हेतू नव्हता. ही उणीव सर्वाधिक जाणवली ती रिअल-टाइम शाखेत काम करणाऱ्यांना, कारण तेथे विलंब मायक्रोसेकंदांत मोजला जातो. इंगो मोल्नार यांनी याच शाखेसाठी विलंब शोधणारा ट्रेसर लिहिला होता. त्याच्या आधारे स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी 'एफट्रेस' घडविले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६.२७ या आवृत्तीत ते मूळ कर्नलमध्ये दाखल झाले.

यामागील युक्ती जुनीच आहे. जीसीसी कंपायलरला 'पीजी' हा पर्याय दिला असता तो जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या आरंभी 'एमकाउंट' या फंक्शनला हाक घालतो. नोंद करण्यासाठी ही जागा आयतीच मिळाली. अडचण होती ती खर्चाची. एमकाउंटने काहीही न करता नुसते परत फिरायचे म्हटले तरी कर्नलचा वेग मापनात सुमारे १३ टक्क्यांनी घटत असे. क्वचित लागणाऱ्या सोयीसाठी एवढी किंमत कोणीही दिली नसती. म्हणून ट्रेसिंग बंद असताना त्या हाकेच्या जागी 'काहीच करू नको' अशी सूचना लिहून ठेवावी आणि गरज पडताच हाक पूर्ववत करावी, असे ठरले. थोडक्यात, कर्नलने चालता चालता स्वतःचाच मजकूर बदलावयाचा होता.

प्रारंभीच्या रचनेत फंक्शन प्रथम चालले की त्यातील हाकेचा पत्ता नोंदविला जाई आणि दर सेकंदाला जागा होणारा एक कर्नल थ्रेड नोंदलेल्या जागा बदलून टाकी. नोंद आणि बदल यांच्यात जे अंतर राहिले, तेथेच घात झाला.

सप्टेंबर २००८ मध्ये २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची काही नेटवर्क कार्डे निकामी होऊ लागली. कार्डावरील कायमस्वरूपी स्मृतीतील मजकूरच बिघडत होता. यंत्र पुन्हा सुरू करूनही उपयोग नव्हता. संशय साहजिकच 'ई१०००ई' या ड्रायव्हरवर गेला. तो अन्यायकारक होता, हे काही आठवड्यांनी उघड झाले. मॉड्यूलमधील केवळ आरंभी लागणारा भाग काम झाल्यावर मुक्त केला जातो. एफट्रेसच्या नोंदीत मात्र त्याचे पत्ते तसेच उरत, आणि तेच पत्ते पुढे नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला दिले जात. एफट्रेस बदलापूर्वी अपेक्षित मजकूर जुळतो की नाही हे पडताळून पाहत असे, ही खबरदारी वरकरणी पुरेशी वाटते. परंतु इंटेलच्या प्रोसेसरवरील तुलना-विनिमयाची सूचना मजकूर न जुळल्यासही जुनेच मूल्य पुन्हा लिहिते. साध्या स्मृतीत त्याने काहीच बिघडत नाही. उपकरणाच्या स्मृतीत मात्र तेच लेखन घातक ठरले.

२.६.२७.१ मध्ये ही गतिमान सोय बंद करण्यात आली. डिसेंबर २००८ मधील २.६.२८ मध्ये रोस्टेड्ट यांनी तिची नवी मांडणी केली. हाकांच्या जागांची यादी आता कर्नल बांधतानाच तयार होऊ लागली आणि यंत्र सुरू होताना, अन्य कामे आरंभण्यापूर्वी, त्या निष्क्रिय केल्या जाऊ लागल्या. दर सेकंदाला जागणारा थ्रेड निघून गेला. शिवाय प्रत्येक बदलापूर्वी व नंतर कसून तपासणी होऊ लागली. काही विपरीत आढळल्यास एफट्रेस इशारा देऊन स्वतःच थांबते.

पुढे फंक्शन किती वेळ चालले हे दाखविणारा आलेख-ट्रेसर आला. २०१५ मधील ४.० या आवृत्तीपासून यंत्र बंद न करता कर्नलमधील दोष दुरुस्त करण्याची सोय मिळाली. तीही फंक्शनच्या आरंभीच्या याच जागेतून जुन्या फंक्शनकडील वाट नव्याकडे वळविते.