कोल्हापूरचं पाणी आणि माशाच्या पिल्लाचा घास

कोल्हापूरच्या पाण्याचा इतिहास आपण धरणांतून सांगतो, उसातून सांगतो. आज तो माशाच्या पिल्लाच्या बाजूनं पाहू.

रोहू-कटल्याचं अंड्यातून निघालेलं पिल्लू, म्हणजे मत्स्यजिरं, साधारण तीन दिवस पोटाच्या बलकावर जगतं. तो संपला की तोंडात मावतील असे पाण्यातले सूक्ष्म जीव लागतात. पाणी गार झालं तर पचन मंदावतं, गढुळलं तर भक्ष्य दिसत नाही, प्राणवायू घटला तर पिल्लू खाणंच सोडतं.

पूर्वी हे सगळं पावसाळा जुळवून आणायचा. मृगाचं पाणी आलं की चढणीचे मासे ओढ्या-ओहोळांत शिरायचे, अंडी टाकायचे. पुराचं उथळ पाणी पसरलं, गवत-पाला कुजला, की त्यात सूक्ष्म जीव वाढायचे. पिल्लांना ताट वाढलेलंच असायचं.

मग पाणी अडवणं आलं. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण सुरू केलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा ते अपुरंच होतं. पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. पुढं नद्यांवर 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' उभे राहिले. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पावसाच्या तोंडावर काढायचे. पूर आणि गाळ निघून जावा म्हणून ही सोय. माशांनाही त्यामुळं पावसाळ्यात वाट मिळते. अडचण उन्हाळ्यात होते. साठलेल्या पाण्यात शहराचं सांडपाणी, कारखान्यांची मळी मिसळली की ती कुजताना प्राणवायू खाते. पंचगंगेत मेलेले मासे तरंगले की बातमी होते. उपाशी राहिलेली पिल्लं कुणाला दिसत नाहीत.

१९५७ मध्ये हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि मत्स्यबीजासाठी नदीवरच अवलंबून राहणं संपत गेलं. आता पुराचं काम शेततळ्यात माणूस करतो: शेणखतानं सूक्ष्म जीव वाढवतो, वर शेंगपेंड आणि भाताचा कोंडा देतो. तिथंही हात सैल सुटला की उरलेलं खाद्य कुजतं आणि पहाटे मासे हवेसाठी वर येतात.

तळ्यातल्या पिल्लाला मालक आहे. नदीतल्या पिल्लाला कोण पेंड घालणार? त्याचा घास पाण्यातच तयार व्हावा लागतो. म्हणून नदीत मळी सोडू नये आणि चढणीच्या गाभोळी माशांवर जाळं टाकू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.