आणेवारी ते पैसेवारी: पिकाच्या एका आकड्याचा इतिहास

आणेवारी म्हणजे गावाच्या पिकाचा आण्यांत सांगितलेला अंदाज. रुपयाचे १६ आणे. त्या हिशेबाने ठरीव पिकाच्या मानाने यंदा किती पीक आले ते सांगितले जाई. हा आकडा दिसायला साधा असला तरी सारा भरायचा की नाही हे त्यावरून ठरे.

मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धतीने शेतसारा रोखीने आणि ठरलेल्या दराने वसूल होई. पीक बुडाले तरी दर तोच राही. म्हणून नापिकीच्या वर्षी सारा तहकूब करण्याचे नियम झाले. पीक ४ आण्यांपेक्षा कमी, म्हणजे चौथाईच्या आत असेल, तर त्या वर्षाची पूर्ण वसुली तहकूब व्हावी असा नियम होता.

१९१७ मध्ये अतिवृष्टीने गुजरातेतील खेडा जिल्ह्यातील पिके गेली. पीक ४ आण्यांच्या आत आहे असे शेतकरी सांगत होते. सरकारी कागदांत ते त्याहून वर होते. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी तेथे जाऊन पाहणी केली. गांधीजींनी पंचांमार्फत चौकशीची मागणी केली, पण ती नाकारली गेली आणि मार्च १९१८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. जूनमध्ये, ऐपत असलेल्यांनी सारा भरावा आणि गरिबांना तहकुबी मिळावी, यावर तो मिटला. खरी आणेवारी किती होती, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. ज्या खात्याने वसुली करायची, त्याच खात्याने नजरेने अंदाज बांधायचा, अशी ही पद्धत होती. तो अंदाज पडताळण्याचे साधन रयतेच्या हाती नव्हते.

छेदाचा घोळ तर वेगळाच होता. सरासरी वर्षाचे पीक १६ आण्यांचे मानायचे की १२ आण्यांचे, याबाबत निरनिराळ्या प्रांतांत एकवाक्यता नव्हती. त्यामुळे एकाच आकड्याचा अर्थ दोन ठिकाणी दोन होई.

नजरेऐवजी मोजणी आणण्याचे काम संख्याशास्त्राने केले. १९२० च्या दशकात जे. ए. हबॅक यांनी बिहार आणि ओरिसात यादृच्छिक जागा निवडून भातकापणी केली. १९४० च्या दशकात विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत देशभर रुजवली. शेत यादृच्छिक निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून, मळून वजन करायचे. तुकडा फार लहान असेल तर कडेची रोपे आत मोजली जातात आणि उत्पन्न फुगते, हे सुखात्मे यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. चूक कुठून येते ते कळल्यामुळे ती कमी करता आली.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे १०० पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, तरी जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले. महाराष्ट्रात यंदाच्या उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना करून पैसेवारी काढतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. ती ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरते.

आकडा पैशांत आला तरी त्याच्या मर्यादा टिकून राहिल्या. प्रमाण उत्पन्न चढे धरले की पैसेवारी घटते, कमी धरले की वाढते. ती गावाची सरासरी असल्याने बागायतीच्या भरघोस पिकामागे जिरायतीचे नुकसान झाकले जाऊ शकते. शिवाय खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात येते. पीक तर पावसाच्या खंडात आधीच करपलेले असते.

म्हणूनच केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पाऊस, पेरणीक्षेत्र, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती आणि जलसाठे हे निर्देशांक पुढे आणले. आता दुष्काळ हंगामातच ओळखता येऊ शकतो. पण उपग्रहाचा निर्देशांकही अंदाजच असतो. तो कशाच्या तुलनेत, किती क्षेत्रासाठी आणि कोणत्या दिवशी काढला, हे शेतकऱ्याला कळले पाहिजे. तरच त्याला त्यातील चूक दाखवता येईल आणि ती दुरुस्त करून घेता येईल.