रंगपटातील भूत आणि हरवलेली मुले

नाटकाचे आणि भुताचे सख्य फार जुने आहे. अंधारलेले प्रेक्षागृह, विंगेतील कुजबुज, रंगवलेले चेहरे आणि मध्यरात्रीपर्यंत जागणारी माणसे, एवढी सामग्री जेथे जमते तेथे भूत न येईल तरच नवल! तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतकथांना तर हे स्थळ विशेष मानवते. एक जुने नाटकगृह, त्यात नाटक बसविणारी मुले आणि त्या नाटकाला लागलेला शाप, एवढ्यावर कथा उभी राहते. अशा कथा ज्या नाटकाभोवती पुनःपुन्हा घोटाळतात ते शेक्सपिअरचे 'मॅक्बेथ' होय. मराठी रसिकांना ते वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट' (१९५४) या रूपाने परिचित आहे.

इंग्रज नटमंडळींत या नाटकाविषयी मोठा धाक आहे. नाटकगृहात त्याचे नाव उच्चारावयाचे नाही. 'ते स्कॉटिश नाटक' एवढेच म्हणावयाचे. चुकून कोणाच्या तोंडून नाव गेलेच, तर त्याने खोलीबाहेर जावे, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्याव्या, थुंकावे आणि परवानगी मागून मग आत यावे. नारळ फोडल्यावाचून पडदा वर न नेणाऱ्या आम्हां मंडळींना यात हसण्यासारखे काही वाटू नये. परंतु या धाकाचे मूळ म्हणून जी हकीकत सांगतात ती तपासून पाहण्यासारखी आहे.

हकीकत अशी. १६०६ साली 'मॅक्बेथ'चा पहिला प्रयोग होता. लेडी मॅक्बेथचे काम हॅल बेरिज नावाच्या मुलाकडे होते, कारण त्या काळी इंग्लंडात स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. ऐन वेळी हा मुलगा आजारी पडला, रंगपटातच मरण पावला आणि ते काम स्वतः शेक्सपिअरला करावे लागले. तेव्हापासून त्या मुलाचा आत्मा या नाटकाच्या पाठीस लागला आहे!

हकीकत हृदयाला भिडणारी आहे खरी. पण तिला इतिहासात जागा नाही. सायमन फॉर्मन या ज्योतिषी-वैद्याने १६११ साली ग्लोब नाटकगृहात हे नाटक पाहून त्याची टिपणे करून ठेवली. ज्योतिषी असूनही त्यास कोणत्याही अपशकुनाचा वास आला नाही. पुढे १६६० नंतरच्या दशकात सॅम्युएल पीप्सने हे नाटक अनेकदा पाहिले, त्यातील नाचगाण्यांवर तो खूश झाला, आणि रोजनिशीत शापाचे नावही नाही. हॅल बेरिज प्रथम अवतरतो तो १८९८ साली. त्या वर्षी मॅक्स बीअरबोम या विनोदी लेखकाने एका प्रयोगाचे परीक्षण लिहिताना सतराव्या शतकातील चरित्रलेखक जॉन ऑब्री याच्या नावावर हा मजकूर खपविला. ऑब्रीच्या लेखनात तसे काही सापडत नाही. बीअरबोमने तरी मुलाला केवळ आजारी पाडले होते. पुढच्या सांगणारांनी त्याला मारून टाकले आणि त्याचे भूत केले.

येथवर हा सारा गमतीचा मामला झाला. परंतु त्याच लंडन शहरात त्याच वर्षांत नाटकासाठी खरीखुरी मुले नाहीशी होत होती, आणि त्यांची कागदपत्रे उपलब्ध आहेत.

राणी एलिझाबेथच्या खासगी उपासनामंदिरात गाणाऱ्या मुलांचा एक ताफा असे. त्याचा प्रमुख नॅथॅनिएल जाइल्स यास चांगल्या गळ्याची मुले कोठूनही आणण्याचा राजाधिकार होता. १६०० साली हेन्री एव्हन्स याने ब्लॅकफ्रायर्स येथील नाटकगृह वर्षाला ४० पौंड भाड्याने घेतले, आणि गाण्यासाठी मिळालेला हा अधिकार नाटकाचा धंदा चालविण्यासाठी वापरला जाऊ लागला.

त्या वर्षीच्या १३ डिसेंबरला तेरा वर्षांचा टॉमस क्लिफ्टन शाळेत निघाला असता त्याला वाटेतच पकडून ब्लॅकफ्रायर्सला नेण्यात आले. बाप धावत गेला. त्याला उत्तर मिळाले की, आमच्या अधिकारात आम्ही उमरावाचाही मुलगा उचलू शकतो! मुलाच्या हातात नक्कल देण्यात आली आणि पाठ केली नाहीस तर फटके मिळतील, अशी तंबी त्यास मिळाली. बाप हेन्री क्लिफ्टन हा प्रतिष्ठित गृहस्थ. त्याने मोठ्या लोकांकडे धाव घेऊन दुसऱ्याच दिवशी मुलगा सोडविला. पण तो तेथे थांबला नाही. १६०१ साली त्याने स्टार चेंबर या राजन्यायालयात फिर्याद गुदरली आणि तीत आपल्या मुलाप्रमाणे उचललेल्या आणखी सात मुलांची नावे लिहिली. यांना गाता येत नाही आणि गाणे कोणी शिकवीतही नाही, असे त्याने स्पष्ट नोंदविले. १६०२ साली न्यायालयाने एव्हन्सला दोषी ठरविले.

त्या सात नावांतील दोन नावे आम्हांस विशेष वाटतात. एक सॉलोमन पेव्ही. हा मुलगा बेन जॉन्सनच्या नाटकांत म्हाताऱ्यांची कामे करी. फिर्यादीनंतर वर्षभरात, १६०२ साली, तो तेराव्या वर्षी वारला. जॉन्सनने त्याच्यावर मृत्युलेख रचला. त्याची कल्पना अशी की, पोराने म्हातारा इतका हुबेहूब वठविला की दैवाची फसगत झाली आणि त्याने त्याला वृद्ध समजून नेले.

दुसरा नेथन फील्ड. हा व्याकरणशाळेतला विद्यार्थी. त्याचा बाप जॉन फील्ड कडवा धर्मोपदेशक होता. नाटक हे पाप आहे, असे त्याने छापून सांगितले होते. बापाच्या पश्चात मुलगा उचलला गेला आणि पुढे नामांकित नट व नाटककार झाला. १६२३ साली शेक्सपिअरची नाटके एकत्र छापली तेव्हा प्रमुख नटांच्या यादीत त्याचे नाव आले.

आता एक योगायोग पाहावा. १६०६ साली, म्हणजे काल्पनिक हॅल बेरिज ज्या वर्षी मेला असे सांगतात त्याच वर्षी, जाइल्सला नवे अधिकारपत्र मिळाले. आणि गाण्यासाठी घेतलेल्या मुलांकडून नाटके करवू नयेत, असे बंधन त्यात घालण्यात आले. इतिहासात त्या वर्षी कोणी मुलगा शाप देऊन गेला नाही. एका बापाने पाच वर्षांपूर्वी केलेल्या तक्रारीला मात्र त्या वर्षी फळ आले.

आमच्या रंगभूमीनेही मुलांच्या खांद्यावर पुष्कळ भार दिला आहे. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांच्यासारखी कीर्ती फार थोड्यांच्या वाट्याला आली. कोवळ्या वयात स्त्रीपार्ट करून आवाज फुटल्यावर मागे पडलेली मुले किती, त्यांची शाळा कोठे सुटली आणि पुढे त्यांनी काय केले, हे सांगणारी पाने आमच्या नाट्येतिहासात थोडीच आहेत. इंग्लंडातील त्या सात मुलांची नावे उरली, कारण एका बापाने ती न्यायालयाच्या कागदावर चढविली.

भुताच्या गोष्टी मुलांनी अवश्य वाचाव्यात; त्यांची चव आम्हांलाही आहे. परंतु नाटकगृहातील भुताची गोष्ट सांगून झाल्यावर सॉलोमन पेव्हीचीही गोष्ट त्यांना सांगावी. तोही रंगपटात बसून पांढरी दाढी लावीत होता, आणि त्याला कोणीही कल्पनेने निर्माण केलेले नव्हते.