चौघांची चाल

माझी भाची नोकरीनिमित्त हाँगकाँगला असते. मागे एकदा तिचा फोन आला, "मामा, शंभर किलोमीटर चालले!" जन्मभर मास्तरकी केलेली, मी लगेच विचारले, "नंबर कितवा आला?" ती हसायलाच लागली. "नंबर कसला मामा, चौघीजणी एकदम पोचलो, हेच पुष्कळ."

माझा प्रश्न चुकला एवढे कळले. का चुकला ते कळायला या चालीचा इतिहास वाचावा लागला.

हिचे नाव ट्रेलवॉकर. १९४७ साली गुरखा पलटणींची वाटणी झाली तेव्हा सहा रेजिमेंटा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटिशांकडे गेल्या. ब्रिटिशांकडचे गुरखे पुढे हाँगकाँगमध्ये तैनात होते, चीनच्या सरहद्दीवर पहारा देत. तिथे १९७९ मध्ये गव्हर्नर मॅकलेहोस यांच्या नावाची एक पायवाट खुली झाली. पूर्वेच्या साई कुंगपासून पश्चिमेच्या त्युन मुनपर्यंत १०० किलोमीटर, आणि दर ५०० मीटरवर खुणेचा खांब. वाटेतला ताई मो शान हा हाँगकाँगचा सर्वात उंच डोंगर. उंची ९५७ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे लहानच. पण सारी वाट चढउतारांची, त्यामुळे पाय पार गळून जातात.

१९८१ मध्ये क्वीन्स गुरखा सिग्नल्सच्या जवानांनी या वाटेवर सराव म्हणून चालायला सुरुवात केली आणि त्यातून मदतनिधी उभा करू लागले. १९८६ पासून ऑक्सफॅम संस्था त्यात आली आणि सामान्य नागरिकांनाही वाट मोकळी झाली. नियम साधा: चौघांचा एक संघ, मुदत ४८ तास, आणि चौघांनी बरोबरच चालायचे. ओळखीपाळखीच्या लोकांकडून निधी गोळा करायचा, तो गरिबांसाठीच्या कामाला जातो. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेले, गुरखे इंग्लंडला गेले आणि ही चालही त्यांच्याबरोबर साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर पोचली. २०१२ साली ती बंगळुरूलाही आली.

मला विचारात पाडले ते 'बरोबर चालायचे' या अटीने. म्हणजे संघाचा वेग हा सर्वात हळू चालणाऱ्याचा वेग. कुणाच्या पायाला फोड आले तर बाकीच्यांनी थांबायचे, त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घ्यायची. भाची म्हणाली, "मामा, रात्री तीन वाजता माझा गुडघा धरला. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा. तिघीही तिथेच दगडावर बसल्या."

हे ऐकले आणि मला १९९३ साल आठवले.

३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही नववीची मुले घेऊन आसपासच्या गावांतून पायी फिरलो, धान्य आणि कपडे गोळा केले. दिवसभरात वीस किलोमीटरची फेरी. बाराव्या किलोमीटरला एका मुलाच्या चपलेचा अंगठा तुटला, टाच सोलली. दोन मित्र त्याचे पोते घ्यायला तयार होते. पण मला उशीर नको होता. मी त्याला एसटीत बसवून घरी पाठवले, आणि ते शहाणपणाचे वाटले.

दुसऱ्या दिवशी फेरी पूर्ण करणाऱ्यांची नावे मी स्वतः खडूने फलकावर लिहिली. एकवीस नावे. तो फलकासमोर बराच वेळ उभा होता. मग हळूच म्हणाला, "सर, मी पण बारा किलोमीटर आलो होतो." मी म्हटले, "पुढच्या वेळी पूर्ण कर हं."

पुढची वेळ आली नाही. दहावीनंतर तो शहरात गेला, पुन्हा भेट नाही.

तेव्हा मी मुलांना इतिहास शिकवत होतो. लढाया कुणी जिंकल्या, गडावर आधी कोण चढले. बक्षीस पहिल्याला द्यायचे असते हे मी इतके घोटून घेतले होते की भूकंपग्रस्तांसाठी निघालेल्या फेरीतही मला शर्यतच दिसली. धान्य तर सगळ्यांनी मिळूनच जमवले होते. त्याच्या पोत्यातले धान्य आम्ही काही वेगळे काढून ठेवले नव्हते.

आता फलक नाही, खडू नाही. म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी बावीस नावे हवी होती.