माऊसकडून बोटाकडे : एका हलक्या ब्राउझरची वाटचाल

टेबलावरच्या संगणकाचा पडदा मोठा आणि फोनचा लहान. मग मोठ्या पडद्यावरचा ब्राउझर फोनवर आणायचा म्हणजे तेच चित्र आकाराने लहान करायचे, एवढेच ना? वरवर पाहता तसे वाटते. पण २००२ साली टेबलावरच्या संगणकासाठी लिहिलेला एक साधासुधा ब्राउझर लिनक्स फोनच्या पडद्यावर नीट मावायला सुमारे सतरा वर्षे लागली. त्या ब्राउझरचे नाव एपिफनी. एवढा काळ का लागला, हे पाहताना संगणकाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा प्रश्न समोर येतो : नव्या उपकरणासाठी आज्ञावलीची वेगळी प्रत काढावी, की मूळ आज्ञावलीलाच नवे वळण लावावे?

पान आणि चौकट

ब्राउझरचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे इंजिन. दूरच्या संगणकाकडून आलेला मजकूर वाचून अक्षरे, चित्रे, रकाने कोठे बसवायचे ते इंजिन ठरवते. दुसरा भाग म्हणजे पानाभोवतीची चौकट : पत्ता लिहिण्याची जागा, मागे-पुढे जाण्याची बटणे, उघड्या पानांची यादी, खुणा करून ठेवलेली पाने. इंजिन लिहिणे हे अतिशय मोठे काम आहे. चौकट त्या मानाने लहान असते.

नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली ३१ मार्च १९९८ रोजी सर्वांसाठी खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला. त्याच्या इंजिनाचे नाव गेको. पण मोझिलाच्या त्या संचात ब्राउझरबरोबर टपाल, पाने तयार करण्याचे साधन आणि गप्पांची सोयही होती. संच जड झाला होता. इटलीच्या मार्को पेसेंती ग्रीत्ती या तरुणाने २००० मध्ये गेको इंजिन घेऊन त्याभोवती फक्त पाने पाहण्यापुरती चौकट बांधली. हा गेलियन ब्राउझर. पुढे त्यातही निवडीचे पर्याय वाढतच गेले, तेव्हा साधेपणाचा आग्रह धरून ग्रीत्ती यांनी २००२ मध्ये एपिफनी सुरू केला. लिनक्सवरील ग्नोम या प्रणालीचा तो ब्राउझर बनला. २०१२ पासून त्याला नुसते ‘वेब’ म्हटले जाऊ लागले. येथे आपण जुनेच नाव वापरू.

‘हलका’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. एपिफनी स्वतःचे इंजिन बाळगत नाही आणि बटणे, यादी, खिडकी हेही ग्नोमच्या सामाईक साहित्यातून घेतो. त्याचे स्वतःचे ओझे कमी, म्हणून तो हलका. या हलकेपणाचा उपयोग पुढे दोनदा झाला.

इंजिन बदलले

पहिली वेळ आली ती इंजिन बदलताना. केडीई या दुसऱ्या लिनक्स प्रकल्पात स्वयंसेवकांनी केएचटीएमएल नावाचे इंजिन लिहिले होते. ऑक्टोबर २००० मध्ये ते कॉन्करर ब्राउझरबरोबर लोकांपुढे आले. ॲपल कंपनीने स्वतःच्या ब्राउझरसाठी तेच निवडले आणि जानेवारी २००३ मध्ये सफारी जाहीर केला. निवडीचे एक कारण कंपनीने उघडपणे सांगितले : सगळे इंजिन १ लाख ४० हजार ओळींहून कमी होते, म्हणजे वाचून समजून घेता येण्याजोगे होते.

परवान्याच्या अटीनुसार ॲपलने आपले बदल खुले केले. परंतु ते मोठमोठ्या गठ्ठ्यांनी येत. कोणता बदल कशासाठी केला हे कळत नसल्याने केडीईच्या लोकांना ते मूळ इंजिनात घेणे जड जाई. २००५ मध्ये ॲपलने सारे काम वेबकिट या नावाने रोजच्या रोज उघड्यावर आणले, पण तोवर दोन वाटा फुटल्या होत्या. वेबकिट वाढत गेले. २००७ चा आयफोन आणि २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन यांवर तेच इंजिन होते. केएचटीएमएल मात्र हळूहळू आटले आणि २०२४ मध्ये केडीईच्या सहाव्या पिढीत ते उरले नाही.

ग्नोमच्या साहित्याला जोडणारी वेबकिटची शाखा २००७ च्या सुमारास तयार होऊ लागली. स्पेनमधील इगालिया या कामगारांच्याच मालकीच्या संस्थेने पुढे तिचा बराच भार उचलला. सप्टेंबर २००९ च्या आवृत्तीत एपिफनीने गेको सोडून वेबकिट घेतले. इंजिन स्वतःचे नव्हतेच, म्हणून ते बदलता आले.

बोटाची जाडी

आता चौकटीकडे वळू. माऊसचे टोक पडद्यावरचा एकच ठिपका दाखवू शकते. बोट तसे नाही. बोटाने नेमके दाबता यावे यासाठी बटण साधारण ७ ते १० मिलिमीटर रुंद लागते. शिवाय माऊस न दाबता नुसता एखाद्या जागेवर नेता येतो आणि तेथे सूचना उमटते. बोटाला ‘न दाबता वर थांबणे’ ही अवस्थाच नाही. माऊसला उजवे बटण असते, बोटाला नसते. आणि दाबताना बोट खालचा मजकूर झाकते, ते वेगळेच.

लिनक्सच्या जगात यावर आधी प्रयत्न झाले होते. नोकियाने २००५ मध्ये ७७० हे हातात मावणारे उपकरण काढले. त्यात ग्नोमचेच साहित्य होते, पण त्यावर लहान पडद्यासाठी निराळा थर चढवलेला होता. पुढच्या एन८१० मध्ये ब्राउझरचे इंजिन मोझिलाचे होते, चौकट मात्र त्या उपकरणापुरती. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीकडे वळण्याचे जाहीर केले आणि त्या वाटेवरचे बरेचसे काम मागे पडले. ओपनमोकोचा निओ १९७३ हा २००७ चा फोन तर आत-बाहेर शक्य तितका खुला होता. पण त्याची गती २६६ मेगाहर्ट्झ आणि स्मृती १२८ मेगाबाइट. २००९ मध्ये त्या कंपनीने फोनचे काम थांबवले. उपकरण संपले की त्याच्यापुरती काढलेली प्रतही निराधार होते, हा या प्रयत्नांचा धडा होता.

चौकट शिकू लागली

अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचा गाभा आहे, पण त्यावरचा सगळा डोलारा निराळा आहे. टेबलावरच्या लिनक्स संगणकावर चालणाऱ्या आज्ञावल्या जशाच्या तशा फोनवर चालाव्यात, हा उद्देश ठेवून अमेरिकेतील प्युरिझम कंपनीने २०१७ मध्ये लिब्रेम ५ या फोनसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवले. पडदा ५.७ इंचांचा, ७२० गुणिले १४४० ठिपक्यांचा. अक्षरे वाचता यावीत म्हणून सर्व काही दुप्पट आकाराने दाखवायचे, म्हणजे आज्ञावलीच्या वाट्याला रुंदी आली फक्त ३६० एकके. प्रत्यक्षात ही रुंदी सुमारे ६५ मिलिमीटर. एका बटणाला ९ मिलिमीटर धरले तर एका ओळीत जेमतेम सात बटणे बसतात, आणि मग पत्त्याला जागाच राहत नाही!

पानांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये अशी रीत मांडली की, एकच पान लिहावे आणि उपलब्ध रुंदीनुसार त्याने आपली मांडणी बदलावी. प्युरिझमच्या मंडळींनी २०१८ मध्ये हाच विचार चौकटीला लावला आणि लिबहँडी नावाचे साहित्य तयार केले. (जर्मन भाषेत मोबाइल फोनला ‘हँडी’ म्हणतात.) जागा असेल तर दोन भाग शेजारी-शेजारी, नसेल तर एकामागे एक, असे वागणारे घटक त्यात होते.

एपिफनीत ही जोडणी २०१८-१९ मध्ये झाली. खिडकी अरुंद झाली की वर फक्त पत्ता आणि अगदी गरजेचे तेवढे राहते; मागे-पुढे जाण्याची बटणे खाली, अंगठ्याच्या टप्प्यात येतात; उघड्या पानांच्या पट्टीऐवजी एक बटण आणि त्यामागे यादी. मागच्या पानावर जाण्यासाठी बोट आडवे सरकवता येऊ लागले. महत्त्वाचे हे की, यासाठी वेगळा ‘फोनचा एपिफनी’ काढला नाही. सगळे बदल मूळ आज्ञावलीत गेले. टेबलावरची खिडकी अरुंद केली तरी तीच मांडणी दिसते. देवनागरीसाठीही निराळी खटपट लागली नाही. जोडाक्षरे जुळवणारे हार्फबझ हे साहित्य दोन्हीकडे तेच होते.

पुढे पाइनफोन आला. दोन गिगाबाइट स्मृतीचा, १४९ डॉलर किमतीचा. २०१७ मध्येच सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस प्रकल्पाने तर फोन दहा वर्षे चालावा हे ध्येय ठेवले आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या फोनवर लिनक्स बसवायला सुरुवात केली. मूळ आज्ञावलीतच बदल झालेले असल्याने या सर्वांना ते आयते मिळाले. ग्रीत्ती यांना हे पाहायला मिळाले नाही. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

येथे सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. चौकट हलकी असली तरी पाने जड असतात, आणि कमी स्मृतीच्या फोनवर ती अडखळतात. काही संकेतस्थळे ओळखीच्या मोठ्या ब्राउझरखेरीज इतरांना दारातच अडवतात. त्यामुळे लिनक्स फोन वापरणारे अनेकजण फायरफॉक्सच पसंत करतात. थोड्या माणसांनी सांभाळलेला ब्राउझर टिकेल का, हा प्रश्न खुलाच आहे. पण तो टिकला तरच आपला फोन केव्हा निकामी ठरायचा हे कंपनीऐवजी वापरणाऱ्याला ठरवता येईल.

वर्गात करून पाहा

१. विद्यार्थ्यांना बोटाच्या टोकाला शाई लावून आलेख कागदावर, फोनवर दाबतो तितक्याच हलक्या हाताने ठसा उमटवायला सांगा. ठशाची रुंदी मोजा, वर्गाची सरासरी काढा. मग एखाद्या फोनच्या पडद्याची रुंदी मोजून एका ओळीत किती बटणे बसतील ते ठरवा.

२. शाळेतील संगणकावर कोणताही ब्राउझर उघडून खिडकी हळूहळू अरुंद करा. पानाची मांडणी कोणत्या टप्प्याला बदलते? चौकटीतली बटणे बदलतात की नुसती दाटीवाटी करतात? पान आणि चौकट हे दोन वेगळे भाग आहेत, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.